टी-शर्टवर ग्रेडियंट छापताना हाफटोन आणि जाळीचं गणित: धुकं काही केल्या विरत नाहीये

कडा_आणि_धुकं
नमस्कार मंडळी. नाशिकला आमचा छोटा ट्रेकिंगचा ग्रुप आहे, दरवर्षी पावसाळ्यानंतर हरिश्चंद्रगड ठरलेला, आणि यंदा ग्रुपचे टी-शर्ट बाहेर न देता स्वतः स्क्रीन प्रिंट करायचं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर ढकलून छापायचं मनावर घेतलंय. डिझाईन असं की कोकणकड्याची कडा, आणि खालून दरीतून वर येणारं धुकं, ते वर वर विरत जातं आणि शेवटी काळ्या टी-शर्टमध्ये मिसळून जातं. एकच रंग, पांढरा. स्क्रीनवर बघताना अंगावर काटा येतो इतकं सुंदर दिसतं पण टी-शर्टवर आलं की सगळा विचका होतोय.

आत्तापर्यंत जे केलंय ते सांगतो. टी-शर्ट काळा, १८० जीएसएम. जाळी १२० नंबरची, दुकानदाराने बारीक कामाला हीच न्या म्हणून दिलेली, पांढरी, लाकडी फ्रेमवर मीच स्टेपलर मारून ताणलीये. फोटोशॉपमधून हाफटोन काढला, म्हणजे छटा लहानमोठ्या ठिपक्यांत मोडल्या, ५५ एलपीआय (इंचाला ठिपक्यांच्या ५५ रांगा), अँगल ४५, गोल डॉट. लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर काढून त्याला तेल लावलं. शाई प्लास्टिसोल (गरम केल्यावरच पक्की होणारी) पांढरी.

तीन गोष्टी बिघडतायत. एक म्हणजे धुक्यात लाटा दिसतात, दोन मच्छरदाण्या एकमेकांवर धरल्या की जसे पट्टे हलतात तसे. दुसरं, धुकं विरत विरत संपायला हवं तर एका रेषेवर येऊन कापल्यासारखं संपतं. आणि मधला भाग सगळा थापल्यासारखा पांढरा होतो, उतार चढाव काही राहतच नाही. सहा स्क्रीन खराब झाल्या. ग्रुपच्या साठ जणांनी पैसे दिलेत म्हणून जास्त टेन्शन आहे.

इचलकरंजी_टेबल
तुमच्या पोस्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे १२०. ही १२० कसली? सेंटिमीटरची का इंचाची? आपल्याकडे दुकानात दोन्ही चालतं आणि काउंटरवर कोणी सांगत नाही. १२० टी असेल तर सेंटिमीटरला १२० धागे, म्हणजे इंचाला साधारण ३०५. आणि इंचाची १२० असेल तर ती सेंटिमीटरची जेमतेम ४८ टी झाली. दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. आधी ते बघा, बाकीचं नंतर बोलू. जाळीच्या काठावर कंपनीने छापलेलं असतं, ४८-७० किंवा ७७-५५ असं, त्यातला पहिला आकडा सेंटिमीटरचे धागे आणि दुसरा धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये. काठ कापून टाकला असेल तर भिंग घ्या आणि मोजा.

जर्सी_सिटीहून
इचलकरंजीवाल्या दादांच्या बोलण्यात एक भर घालते. मी इकडे अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचे टी-शर्ट गॅरेजमध्ये छापते, चार वर्षं झाली. इकडे सगळं इंचावर चालतं, ११०, १५६, २३०, ३०५ असं. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ इकडचे, त्यामुळे ते जेव्हा म्हणतात की हाफटोनला २३० घ्या तेव्हा तुमच्याकडची ९० टी म्हणत असतात. सेंटिमीटरच्या आकड्याला २.५४ ने गुणायचं, झालं. आमच्या मंडळातला एक मुलगा सुट्टीत पुण्याहून जाळी घेऊन आला होता, त्यावर १०० लिहिलेलं आणि मी ११० च्या जवळची समजून सरळ दाट शाई ओतली, एक ठिपका खाली उतरला नाही. ती १०० टी होती, म्हणजे इंचाला २५४.

ओंकार_प्रिंट्स
एवढा त्रास कशाला घेताय, साठच टी-शर्ट आहेत तर डीटीएफ मारा, फिल्मवर छापून गरम दाबाने कापडावर चिकटवायचं. कितीही बारीक ग्रेडियंट येतो, संध्याकाळपर्यंत हातात.

कडा_आणि_धुकं
@ओंकार_प्रिंट्स डीटीएफ गेल्या वर्षी करून झालं. छातीभर डिझाईन होतं, प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवल्यासारखा तो भाग घामात अंगाला चिकटायचा, आणि मुख्य म्हणजे धुकं विरतं तिथे फिकट अर्धपारदर्शक पांढरट किनार राहिली होती आणि चिकटवायच्या पावडरचे कण दिसत होते. हाफटोनमध्ये ठिपक्यांच्या मधून कापड मोकळं राहतं, हवा खेळते. मला तेच हवंय.

@इचलकरंजी_टेबल दादा, काठ कापलेला होता. आईच्या शिवणकामातलं भिंग घेतलं, पट्टी जाळीवर ठेवली आणि मोबाईलच्या टॉर्चवर मोजायला बसलो. पहिल्या दोनदा डोळा घसरला, मग सुई घेऊन एकेक धागा टोचत मोजले. ५ मिलिमीटरमध्ये २४ धागे. म्हणजे सेंटिमीटरला ४८! म्हणजे मी इतके दिवस जी बारीक जाळी समजत होतो ती जाडीभरडी निघाली.

इचलकरंजी_टेबल
बरं झालं मोजलंत. आता सगळं उलगडतं, जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच आणि उत्तरात नुसते आकडे फेकले जातात, का ते कोणी सांगत नाही.

हाफटोन म्हणजे काय तर एक अदृश्य चौकटींचा कागद, प्रत्येक खणात एक डॉट, गडद हवं तिथे मोठा, फिकट हवं तिथे छोटा. ५५ एलपीआय म्हणजे इंचात ५५ खण, म्हणजे एक खण २५.४ भागिले ५५, ०.४६ मिलिमीटरचा. त्यात १० टक्क्यांचा गोल डॉट किती मोठा येतो, तर व्यास साधारण ०.१६५ मिलिमीटर. आणि ५ टक्क्यांचा ०.११७. आता तुमची जाळी घ्या. ४८ धागे सेंटिमीटरला, म्हणजे एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंतचं अंतर ०.२०८ मिलिमीटर. म्हणजे तुमचा १० टक्क्यांचा डॉट एका घरापेक्षाही छोटा झाला. तो नेमका धाग्यावर पडला की बंद, मोकळ्या जागेत पडला की उघडा. काही डॉट येतात काही गायब होतात, आणि कुठले येणार कुठले जाणार याची जी नियमित लय तयार होते तीच तुमच्या लाटा. त्याला मॉरे म्हणतात. धुकं एका रेषेवर कापलं जातंय त्याचंही कारण तेच, त्या रेषेच्या पुढे डॉट इतके बारीक होतात की जाळीला ते पेलतच नाहीत.

म्हणून धंद्यात ढोबळ नियम असा, की इंचातले धागे एलपीआयच्या निदान चौपट तरी हवेत, पाचपट असले तर उत्तम. तुमचे १२२ भागिले ५५, सव्वादोन पट पण नाही. या जाळीवर २५ ते ३० एलपीआयच्या वर जाऊच नका. पण २५ ला धुकं धुक्यासारखं दिसणार नाही, रवा सांडल्यासारखं दिसेल. त्यामुळे जाळी बदला.

काळ्यावर पांढरं आहे म्हणून मी ७७ टी म्हणेन, म्हणजे इंचाला १९५ च्या आसपास, आणि त्यावर ४० एलपीआय. गुणोत्तर जवळजवळ पाच बसतं. ९० टी वर ४५ जाईल, डॉट अजून सुबक येतील पण पांढरी शाई कमी पडते, काळ्यावर राखाडी दिसते. १२० टी चा मोह तर धरूच नका. पांढरी प्लास्टिसोल मुळात दाट, तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, बारीक जाळीतून ढकलायला तुम्ही स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) दाबणार आणि दाबली की डॉट पसरणार. आणि एलपीआय कमी आहे म्हणून कमीपणा मानायचं काही कारण नाही. टी-शर्ट माणूस हातभर लांबून बघतो, त्या अंतरावरून ४० चे ठिपके डोळ्याला एकसंध दिसतात.

४८ टी च्या स्क्रीन फेकू नका. त्यावर ग्रुपचं नाव, तारीख अशी ठोस अक्षरं छापा, त्याला ती जाळी झकास आहे, शाई भरपूर उतरते.

साताऱ्याची_निळाई
वाचनखूण साठवली. आजवर कोणी असं मिलिमीटरमध्ये सांगितलंच नव्हतं. एक शंका आहे, माझ्याकडे फोटोशॉप नाही कोरेल आहे, त्यात काढता येतं का? आणि हाफटोन काढताना रिझोल्यूशन किती ठेवायचं, मी ३०० ठेवते पण ग्रेडियंटमध्ये पायऱ्या पडतात.

इचलकरंजी_टेबल
कोरेलमध्ये होतं ताई. डिझाईनचं बिटमॅप ग्रेस्केलमध्ये करा, मग बिटमॅप मोडमध्ये ब्लॅक अँड व्हाईट, तिथे कन्व्हर्जन मेथड हाफटोन निवडली की रेषा आणि अँगल विचारतो. हे सगळं छापायच्या खऱ्या साईजला करा, आणि एकदा हाफटोन झाल्यावर ते लहान मोठं करायला हात लावू नका, नाहीतर एलपीआय बदलतो आणि डॉट फाटतात. आमच्याकडे पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी पाठवतात हाफटोन केलेली, ती फाईल तिथेच मेलेली असते.

पायऱ्या पडतात कारण ३०० ला ४५ ने भागलं की ६.७ येतं, म्हणजे एका खणात साधारण ७ गुणिले ७ इतकेच ठिपके, सगळे मिळून पन्नासच्या आत छटा. ग्रेडियंटला एवढ्या पुरत नाहीत, पट्टे दिसणारच. फिल्म (स्क्रीनवर चित्र उठवायची पारदर्शक प्रिंट) ६०० ला काढली तर पावणेदोनशेच्या आसपास छटा मिळतात, १२०० ला तर पुरून उरतात. तुमचा मूळ फोटो ३०० चा असला तर चालतो, पण हाफटोनची एक बिटवाली फाईल ६०० किंवा १२०० लाच काढा, आणि प्रिंटरचं जे खरं रिझोल्यूशन तेवढंच.

रत्नागिरी_कापडी_पिशवी
जाळीचं बोलून झालंय म्हणून मी वेगळ्या टोकाने येते. मी पाण्याच्या शाईने कापडी पिशव्यांवर छापते, पिगमेंट आणि बाईंडर, आणि माझे निम्मे हाफटोन तरी जाळीमुळे गेले नव्हते, एक्स्पोज करताना, म्हणजे जाळीवरच्या उजेडाने कडक होणाऱ्या लेपावर (इमल्शन) चित्र उठवताना गेले होते.

पहिलं म्हणजे तेल लावलेला ट्रेसिंग पेपर अक्षरांना ठीक आहे, हाफटोनला सोडा. कागदाचा तंतू प्रकाश विखुरतो, लेझरचा काळा उजेडाकडे धरला तर तपकिरी दिसतो, त्यातून प्रकाश झिरपतो आणि बारीक डॉटच्या जागी इमल्शन थोडं कडक होतं आणि धुताना उघडत नाही. शहरात फिल्म काढून देणारा असेल तर एक फिल्म काढून घ्या, सगळा फरक तिथेच दिसेल. फिल्मची छापलेली बाजू इमल्शनला चिकटून हवी, काच आणि वर वजन, मध्ये हवा राहिली की प्रकाश कडेने आत शिरतो.

दुसरं, पांढरी जाळी. हाफटोनला पिवळी रंगवलेली जाळी घ्या. पांढरा धागा प्रकाश आडवा पसरवतो, काचेच्या नळीसारखा, आणि डॉटच्या कडा आतून खातो. पिवळ्यात तो शोषला जातो. फक्त एक्स्पोजचा वेळ वाढवावा लागतो, माझा जवळजवळ दीडपट झाला.

आणि तिसरं, जे मी खूप रडून शिकले. आमच्याकडे जून ते सप्टेंबर इमल्शन सुकतच नाही. हाताला कोरडं लागतं पण आत ओल असते, आणि ओल्या इमल्शनवर कितीही प्रकाश मारा ते पूर्ण कडक होत नाही, धुताना बारीक ठिपके आधी सुटतात. दोन वर्षं मला वाटायचं माझा एक्स्पोजचा वेळ चुकतोय. मग एका जुन्या लाकडी कपाटात खाली ६० चा पिवळा बल्ब लावला, वर छोटा पंखा, दार लावून स्क्रीन रात्रभर आडव्या ठेवल्या, छापायची बाजू खाली. त्या दिवसापासून १० टक्क्यांचे डॉट राहायला लागले. नाशिकला इतकी दमट हवा नसेल पण ऑगस्टमध्ये तुम्हालाही हे लागेलच.

इमल्शनमध्ये बायक्रोमेट (उजेडाने लेप कडक करणारं रसायन) वापरत असाल तर हातमोजे घालाच हो, आणि ते पाणी बागेत वगैरे ओतू नका, फार विषारी असतं ते. त्याऐवजी डायझो नावाचं रसायन असलेलं इमल्शन घ्या, हाफटोनलाही ते चांगलं.

कडा_आणि_धुकं
ताई, बायक्रोमेटच वापरतोय, आणि हातमोजे नव्हते. आजपासून बंद, डायझो मागवतो. कपाटाची आयडिया पण करतोय.

जर्सी_सिटीहून
अँगलबद्दल कोणी बोललं नाही. ४५ सोडा. ४५ ऑफसेटच्या कागदाला छान, तिथे जाळी नसते. आपल्या जाळीचे धागे शून्य आणि नव्वदला, ४५ ला डॉटच्या रांगा घरांच्या कर्णावर बसतात आणि मॉरेला आमंत्रण. मी एकरंगी कामाला २२.५ ठेवते आणि कधी त्रास झाला नाही.

डॉट पण गोल नको, एलिप्स घ्या. गोल डॉट ७८ टक्क्यांच्या आसपास चारही बाजूंनी एकदम एकमेकांना टेकतात, तिथे अचानक उडी दिसते. लंबगोल आधी लांबीकडून टेकतात ४० च्या आसपास, मग रुंदीकडून ६० ला, उडी दोन छोट्या टप्प्यांत विभागली जाते. धुक्यासारख्या संथ उताराला याचा फार फायदा.

इचलकरंजी_टेबल
एलिप्सला पूर्ण सहमत. २२.५ ला अर्धा सहमत. तो आकडा मी पण वापरतो पण देव मानत नाही, कारण हाताने ताणलेल्या फ्रेमवर धागे सरळ असतातच असं नाही, लाकडी फ्रेमवर तर कोपऱ्यात हमखास तिरके जातात. म्हणून आमच्या टेबलावर पद्धत अशी, फिल्म लाईट टेबलवर ठेवायची, वर ताणलेली कोरी स्क्रीन ठेवायची, आणि फिल्म हळूहळू फिरवायची. लाटा डोळ्यासमोर उमटतात, मोठ्या होतात, बारीक होतात आणि एका ठिकाणी नाहीशा होतात. तिथे पेन्सिलने खूण करायची. काचेच्या टीपॉयखाली ट्यूबलाईट ठेवून पण होतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि यात एकही स्क्रीन खराब होत नाही. नाहीशी होण्याची जागा १५ ला आली तर १५, २५ ला आली तर २५, मग फाईल त्या अँगलने पुन्हा काढायची म्हणजे डिझाईन सरळ राहतं.

आता थापल्यासारखं पांढरं होतं त्याबद्दल. कापडावर डॉट फुगतो, नेहमीच. ५० टक्के छापलेला टी-शर्टवर ७० च्या घरात दिसतो. म्हणून फाईल आधीच फिकी करावी लागते. फोटोशॉपच्या कर्व्हजमध्ये मधला ५० खाली ओढून ३५ च्या आसपास आणा, दोन्ही टोकं जागेवर. तुमचं काळ्यावर पांढरं आहे म्हणजे फिल्मवर धुकं काळं असणार, तर आधी चित्र इन्व्हर्ट करा, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि मग कर्व्ह लावा, नाहीतर दिशा चुकेल आणि धुकं अजून दाट होईल.

दाट टोकाला पण लक्ष ठेवा. ९० टक्क्यांच्या पुढे उलटा प्रकार असतो, मध्ये इमल्शनची छोटी छोटी बेटं उरतात, त्यांना धरायला धागे हवेत, जाड जाळीवर ती धुतानाच निसटतात. म्हणून ८५ च्या वरचं सरळ ठोस धरायचं असं मी मानतो, आणि खाली ८ टक्क्यांच्या आतलं पुसून टाकायचं. पण हे माझे आकडे. तुमचे तुम्हालाच काढावे लागतील, कारण तुमचा दिवा वेगळा, हात वेगळा. एका फिल्मवर ५, १०, १५ असे ९५ पर्यंतचे चौकोन काढा, एक ओळ ३५ एलपीआयची, एक ४० ची, एक ४५ ची, आणि ती पट्टी खऱ्या टी-शर्टवर, खऱ्या शाईने छापा. कुठला चौकोन पहिला नीट उमटला आणि कुठला पहिला बुजला ते लिहून ठेवा. हे एकदा केलंत की पुढची कित्येक डिझाईन्स त्याच कागदावर निघतात.

छापताना स्क्रीन आणि कापड यात २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा, स्क्वीजी ७० कडकपणाची धारदार, उभी धरा आणि एकच फटका. पांढरं फिकं वाटलं म्हणून सुकवून दुसरा थर मारायचा मोह होतो, धुक्यात तो मारू नका, दुसरा थर केसभर हलला की डॉट दुप्पट.

साताऱ्याची_निळाई
पण मग कड्याजवळचं दाट धुकं एका फटक्यात पुरेसं पांढरं येईल का?

इचलकरंजी_टेबल
चांगला प्रश्न. त्याला तीच जुनी ४८ टी. धुक्याचा ६० टक्क्यांच्या वरचा जो भाग आहे तेवढाच ठोस काढून, कडा थोडी आत घेऊन, आधी ४८ टी ने छापा. फ्लॅश करून, म्हणजे वरून थोडा वेळ उष्णता देऊन, हाताला चिकटणार नाही इतपत सुकवा, मग वरून ७७ टी ने पूर्ण हाफटोन एकदा. विरणारा भाग थेट कापडावर पडतो, दाट भागाला खाली अस्तर मिळतं.

कडा_आणि_धुकं
तीन आठवड्यांनी येतोय, पण काम करून येतोय.

७७ टी पिवळी जाळी ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ताणून घेतली, डायझो, खरी फिल्म. टीपॉयखाली ट्यूब ठेवून फिल्म फिरवली, लाटा २० अंशांच्या जवळ नाहीशा झाल्या. दादा, ते बघताना घरातले सगळे गोळा झाले होते. टेस्टची पट्टी छापली, माझ्याकडे ४० एलपीआयला १० चा चौकोन पूर्ण आला, ५ चा तुटक, आणि वर ८० लाच बुजला. ४५ ला १० पण तुटक होता. म्हणून ४० पक्कं केलं, कर्व्हमध्ये ५० चा ३२ केला. पहिल्याच टी-शर्टवर लाटा नाहीत, आणि मधले उतार दिसतात, कड्याच्या पोटातली ती निळसर खोली असते ना, ती एका पांढऱ्या रंगात आली.

एक गोष्ट अजून सलते. धुकं संपतं तिथे १० टक्क्यांचे शेवटचे डॉट एका आडव्या रेषेत संपतात, बारकाईने बघितलं तर कळतं.

रत्नागिरी_कापडी_पिशवी
ती रेष जाळीने जाणार नाही, चित्रातच मोडायला हवी. ग्रेडियंट सरळ आडवा आहे म्हणून सगळे डॉट एकाच उंचीवर संपतात. खरं धुकं असं सपाट कुठे असतं, ते फाटत फाटत वर जातं. वरच्या दोन बोटांच्या पट्ट्यात खरखरीत ब्रशने किंवा थोडा नॉईज टाकून काही जागा १५ ला ठेवा, काही सरळ शून्यावर न्या. मग डॉट कुठे आधी संपतील कुठे नंतर.

कडा_आणि_धुकं
केलं ताई. गडावर काढलेल्या एका फोटोतलंच फाटलेलं धुकं कापून त्या पट्ट्यात बसवलं आणि फिल्म पुन्हा काढली. काल रात्री साठातले एकेचाळीस छापून झाले, उरलेले आज. एक टी-शर्ट उलटा करून धुऊन पण बघितला, १६० डिग्रीला नीट भाजलंय, काही सुटलं नाही. दादा आणि दोन्ही ताई, एकेक टी-शर्ट तुमच्यासाठी बाजूला काढलाय, साईज कळवा.

इचलकरंजी_टेबल
एक्सएल. आणि ती टेस्टची पट्टी छापलेला टी-शर्ट धुवायला टाकू नका, टेबलाच्या वर भिंतीवर टांगा.